चारशे दोनची गाठ

माणसांचे चेहरे माझ्या फारसे लक्षात राहत नाहीत. पण कोण कचऱ्याच्या पिशवीला कशी गाठ मारतो, हे एकदा पाहिलं की मी जन्मात विसरत नाही. आता हे काही मिरवण्यासारखं ज्ञान नाही, मला कळतं. हळदीकुंकवाला बायका एकमेकींना विचारतात, तुम्हाला काय काय येतं हो? कुणी रांगोळी सांगते, कुणी भजन. मी गप्प बसते. पण माझी लेक रेश्मा म्हणाली, "आई, ते गाठींचं लिही ना. दिवाळी अंकात सगळे साहेब लोकच आठवणी लिहितात. साहेबांचा कचरा उचलणारीनेही एकदा लिहावं." म्हणून लिहितेय.

माझं माहेर, सासर दोन्ही संगमेश्वर तालुक्यातलं. लग्न होऊन भाईंदरला आले. हे हाटकेशला भांड्यांच्या पॉलिशच्या कारखान्यात होते. त्यांच्या छातीत धूळ बसली, काम सुटलं, तेव्हा मी घंटागाडीवर लागले. गावाला बरीच वर्षं 'सुलभा ऑफिसात आहे' एवढंच माहीत होतं. खोटं कशाला बोला, सांगितलं मीच होतं तसं.

काम काय असतं ते सांगते. सकाळी साडेसहाला गाडी निघते. ड्रायव्हर आणि आम्ही दोघी. गाडीला दोन भाग, एक ओल्याचा, एक सुक्याचा. लोकांनी खाली यायचं, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा द्यायचा, असा नियम. पण सिल्व्हर पार्कच्या माझ्या भागात चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारती होत्या. गुडघे दुखणारी म्हातारी माणसं रोज खाली कशी येणार? म्हणून एका इमारतीत मी आपणहून वर जायला लागले. एक दिवस गेले ते गेलेच. आपल्याकडे दया दाखवली की तिची ड्युटी होते.

एका मजल्यावर चार घरं, चार मजले, सोळा दारं. बहुतेक दारांबाहेर पिशवी गाठ मारून ठेवलेली. आत ओलं-सुकं सगळं एकत्र. लोकांना वाटतं, गाठ मारली की कचरा संपला. आमचं काम त्या गाठीपासून सुरू होतं. पिशवी फाडावी तर आमटी साडीवर. म्हणून गाठ सोडायची, ओलं ओल्यात, पिशवी सुक्यात. रोजच्या शेदीडशे गाठी. सोडता सोडता घर कळायला लागतं.

एकशे एकमध्ये दोन लहान पोरं, आई नोकरीला, तिथे गाठच नसायची, पिशवीला नुसता पीळ. दोनशे तीनमधल्या बाई एकावर एक पाच गाठी मारायच्या. कुणावर राग होता देव जाणे, पण तो मी रोज नखांनी सोडवायचे. तीनशे चारमध्ये एकटा पोरगा राहायचा, तो बुटाच्या लेससारखं फूल बांधायचा. एकदा तो खाली धावत आला तो हसू दाबतच. त्याचे वडील गावाहून आले होते. आदल्या रात्री हॉटेलात जेवताना त्यांनी कवळी काढून कागदी रुमालात ठेवली, आणि ह्याने उष्ट्याबरोबर ती घरी आणून कचऱ्यात टाकली. मागून ते गृहस्थ जिना उतरत, दात नसलेल्या तोंडाने मला काहीतरी समजावत होते. मला एक अक्षर कळलं नाही, पण फुलाची गाठ कुठल्या ढिगात आहे ते मला माहीत होतं. दोन मिनिटांत कवळी काढून दिली. धुऊन घ्या म्हटलं. त्यांनी धुतली की नाही, ते मी पाहिलं नाही. काही गोष्टी न पाहिलेल्याच बऱ्या.

आणि चारशे दोन. तिथे जयंतीकाका राहायचे. चाळीस वर्षं त्यांनी साड्यांच्या दुकानात पार्सलं बांधली होती. पिशवीचे दोन्ही कान एकमेकांत असे अडकवायचे की आतलं काही सांडणार नाही, आणि बाहेर एक छोटी शेपटी सोडायचे. शेपटी ओढली की एका झटक्यात गाठ मोकळी. "गिऱ्हाईक घर जाके परेशान नहीं होना चाहिए, बेन," ते म्हणायचे. त्या सगळ्या इमारतीत मला गिऱ्हाईक समजणारा हा एकच माणूस.

ते दारात उभे असायचे, हातात गार पाण्याचा स्टीलचा ग्लास. आमच्या कामात पाणी मागितलं तर मिळतं, नाही असं नाही. पण बाटलीतून वरून ओतून, नाहीतर खिडकीत ठेवलेल्या वेगळ्या ग्लासात. काकांचा ग्लास त्यांच्या घरातला होता. मी पाणी प्यायचे, ते ग्लास घ्यायचे आणि त्याच ग्लासात थोडं पाणी ओतून माझ्यासमोर स्वतः प्यायचे. कशासाठी ते मला पहिल्याच दिवशी कळलं. जिन्यात तोंड फिरवून मी डोळे पुसले होते.

आता माझी चूक सांगते. आम्हाला रबरी हातमोजे मिळायचे, पण सगळे पुरुषी मापाचे. माझी बोटं त्यात हरवायची. ते घालून झाडू धरता येतो, गाठ सुटत नाही. म्हणून आम्ही सगळ्याच बायका उजवा मोजा काढून कमरेला खोचायचो. आमचे मुकादम भोईर काका रोज ओरडायचे. ते समुद्रकाठच्या चौक गावचे कोळी, वडील होडीवर, हे मात्र नोकरीत लागले. आपल्या शहराचा कचरा त्यांच्याच बाजूच्या डोंगरावर जातो. वारा फिरला की त्यांच्या जेवणाच्या ताटापर्यंत वास. त्यामुळे ओलं-सुकं वेगळं करण्यावर त्यांचा जीव. "मोजा घाल गो सुलभा, तुझा हात हाय, सोसायटीचा न्हाय," म्हणायचे. मी हो म्हणायचे, आणि ते वळले की काढायचे.

त्या दिवशी मी नेहमीसारखी चौथ्या मजल्यापासून सुरुवात केली. चारशे एक झालं. चारशे दोनची पिशवी जड होती, कलिंगडाच्या साली असाव्यात. ह्या पिशवीवर माझा एवढा भरवसा की मी तिच्याखाली उघडा तळवा लावून ती उचलली. आणि तळव्यात काहीतरी खच्चकन घुसलं.

पिशवी बादलीत टाकून हात पाहिला. अंगठ्याखाली रक्ताचा एक थेंब. पिशवीच्या तळातून इंजेक्शनची सुई बाहेर डोकावत होती. ते घरात मधुमेहाची सुई घेत असतील, हे मला तोवर ठाऊकही नव्हतं.

काका त्या दिवशी दारात नव्हते, देवपूजेला बसले असतील. मी कुणाला हाक मारली नाही. खाली आले, नळाखाली साबणाने हात धुतला आणि भोईर काकांना फोन केला. ते दहा मिनिटांत स्कूटर घेऊन आले. आधी दोन शिव्या दिल्या, मग माझा हात स्वतःच्या हातात घेऊन नीट पाहिला, मग आणखी एक शिवी. पण ह्या खेपेची सुईला होती. आणि मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टर मुलगी तरुण होती, माझ्या रेश्माच्या वयाची. तिने शांतपणे समजावलं. दुसऱ्याच्या रक्ताची सुई लागली तर काही आजार येऊ शकतात. बहुतेक वेळा येत नाहीत, पण आपण वाट पाहत बसायचं नाही. पहिली गोळी आत्ता, माझ्यासमोर. पुढे अठ्ठावीस दिवस. नंतर काही महिने तपासण्या.

"पण मावशी, सुई कुणाची ते कळलं आणि त्या माणसाचं रक्त तपासता आलं, तर कदाचित गोळ्या लगेच थांबवता येतील. कुणाची आहे, माहीत आहे?"

मी म्हणाले, "नाही."

भोईर काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा रेश्माला सातवा सरून आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण, ती आमच्याकडे आली होती. मी रोज संध्याकाळी तिला सांगायचे, बाळाला मी न्हाऊ घालणार, पायांवर घेऊन, माझ्या आईने तुला घातलं तसं, त्यात तुझ्या सासूचंही चालायचं नाही. मी डॉक्टरीणबाईंना एवढंच विचारलं, "मी बाळाला हात लावू शकते ना?"

"खुशाल लावा. हात लावून, मांडीवर घेऊन काही होत नाही," ती म्हणाली.

तिने दोनदा सांगितलं. मला पटलं. पण पटणं वेगळं आणि मनाने ऐकणं वेगळं. त्या क्षणापासून मी माझा उजवा हात अंगापासून लांब धरून चालत होते.

बाहेर आल्यावर भोईर काका स्कूटर सुरू करेनात.

"तुला गाठी वलखता येतात. सगल्या गाडीला ठावं हाय. कोनाची हाय ती पिशवी?"

"मला नाही माहीत, काका."

"खोटा कशाला बोलतेस? तुला नातवंडाला न्हाऊ घालायचा हाय ना?"

मी रडायलाच लागले. तरी नाव घेतलं नाही. मला दिसत होतं पुढे काय होणार ते. सोसायटीला नोटीस, सेक्रेटरीची आरडाओरड, काकांचा मुलगा आणि सून त्यांनाच बोलणार, तुमच्यामुळे आमची अब्रू गेली. सत्तरीपुढच्या माणसाला त्याच्याच घरात मान खाली घालायला लावायची, आणि तीही कुणी, तर जिला तो स्वतःच्या ग्लासातून पाणी देतो तिने? आज कळतं, तो माझा शुद्ध बावळटपणा होता. माणुसकीची परतफेड जिवावर उदार होऊन करायची नसते. पण त्या वेळी मला तेच बरोबर वाटलं.

भोईर काकांनी स्कूटर सुरू केली. दुपारी मात्र ती पिशवी, तशीच गाठ मारलेली, एका बादलीत ठेवून ते इमारतीत शिरले. मी मागे. "काका, नको," म्हणत होते. पहिल्या मजल्यापासून त्यांनी सुरुवात केली. प्रत्येक दाराची बेल, आणि बादली पुढे.

"ये गाठ किसकी है?"

पहिल्या मजल्यावर, "हमारी नहीं." दुसऱ्या मजल्यावरच्या पाच गाठीवाल्या बाई म्हणाल्या, "मी असली पोकळ गाठ मारतच नाही." हे मात्र शंभर टक्के खरं होतं. फुलाच्या गाठीचा पोरगा म्हणाला, "आंटीला विचारा ना, त्यांना माहीत असेल." मी जिन्याकडे बघत राहिले. तेरा दारं झाली, गाठ कुणाचीच नव्हती. भोईर काका आता रागाने लाल झाले होते.

चारशे दोनचं दार सुनेने उघडलं. तिने पिशवी पाहिली, सुई पाहिली, माझ्या हाताची पट्टी पाहिली. तिचा चेहरा पडला. ती वाईट बाई नव्हती, घाबरली होती.

"हमारा नहीं है। हमारे यहाँ कोई सुई-वुई नहीं लेता।"

मला सांगायला लाज वाटते, पण माझ्या जिवात जीव आला. सुटलो, असं वाटलं. भोईर काका वळले, आम्ही दोन पायऱ्या उतरलोही.

"एक मिनट। ज़रा दिखाओ तो।"

आतून जयंतीकाका आले होते. त्यांनी चष्मा लावला, बादलीवर वाकले. बोट पुढे करून त्या शेपटीला नुसतं टेकवलं.

"आ गांठ तो मारी छे," ते त्यांच्या गुजरातीत म्हणाले, ही गाठ तर माझी आहे.

"पप्पा, आप अंदर जाइए।"

"चालीस साल यही गाँठ बाँधी है, बेटा। अपनी गाँठ को पराई कैसे बोलूँ?"

मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. सुया डब्यात टाकायचं काम सुनेचं होतं, पण त्या रात्री ती माहेरी होती. काकांनी स्वतः सुई घेतली, टोपण सापडलं नाही, आणि कमी दिसत असल्यामुळे ती सालींबरोबर गेली. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मी ते पटकन धरले, उजव्या हातानेच. दवाखान्यातून निघाल्यापासून मी पहिल्यांदाच त्या हाताने कुणाला तरी शिवले होते.

त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. पायजम्यावर सदरा चढवला, आणि भोईर काकांच्या स्कूटरवर मागे बसून रक्त द्यायला गेले. सून रिक्षाने त्यांच्या मागोमाग आली, मला शेजारी बसवून. सगळ्या वाटेत ती एकच वाक्य बोलली, "मैंने झूठ बोला, दीदी।" मी म्हटलं, "मैंने भी।"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं. काकांचं रक्त स्वच्छ होतं, एकाही आजाराचा मागमूस नव्हता. माझ्या गोळ्या बंद झाल्या. भोईर काका दवाखान्याच्या दारातच खाली बसले आणि डोक्यावर हात मारून म्हणाले, "मोजा घाल, मोजा घाल, बोलून माझा घसा बसला गो!" त्यांचेही डोळे भरले होते, पण कोळ्याचा माणूस, म्हणाला घाम आहे.

पुढे दोन गोष्टी झाल्या. भोईर काकांच्या बायकोने आमच्या मोठ्या मोज्यांची बोटं आखडून शिवली, मनगटाला इलॅस्टिक लावलं. आमच्या गाडीवरच्या बायकांचे मोजे त्या दिवसापासून हातात बसायला लागले. एवढं साधं काम, पण ते करायला चौक गावातली एक बाई लागली, हे लिहून ठेवते.

आणि जयंतीकाकांनी एक पद्धत पाडली. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट, बाटलीला लाल दोरा, आणि दोऱ्याला त्यांची गाठ. दर सोमवारी ते बाटली माझ्या हातात देत, "बेन, लाल." ती मी गाडीत वेगळी ठेवायचे. इमारतीत आणखी तीन घरांत सुया चालू होत्या, हे तेव्हा कुठे कळलं. काकांनी स्वतः दारोदार जाऊन त्यांना लाल दोरे वाटले. बघता बघता शेजारच्या दोन इमारतींतही लाल दोरे दिसायला लागले. आमच्या भागात नोटिसा किती लागल्या नि किती फाटल्या, त्याचा हिशेब नाही. लोक बदलले ते एका म्हाताऱ्याने 'माझी आहे' म्हटल्यामुळे, असं मी आजही मानते.

रेश्माला मुलगा झाला. पहिली अंघोळ मीच घातली, पायांवर घेऊन. त्याने पाणी अंगावर पडल्याबरोबर माझी साडी भिजवली. काकांनी त्याच्यासाठी मऊ सुती कापडाची दुपटी पाठवली, कागदात बांधून, वर शेपटीची गाठ. ती सोडायला माझे हात धजेनात. शेवटी जावयाने सोडली.

त्यानंतर मी कामावर असेपर्यंत, पुढची सगळी वर्षं, ड्युटीवर उजवा मोजा काढला नाही. पाणीसुद्धा मोज्यातल्या हातानेच प्यायचे. काका हसायचे आणि नेहमीसारखे त्याच ग्लासातून प्यायचे.

मग माझ्या शेवटच्या वर्षात, एका सकाळी मी चौथ्या मजल्यावर पोचले. चारशे दोनच्या दाराशी पिशवी होती, साधी, दुहेरी गाठ मारलेली, कुणीही मारेल अशी. मी तिथेच पायरीवर बसले. दार वाजवायची गरज नव्हती. आदल्या दिवशी माझी सुट्टी होती, आणि काका त्याच दिवशी गेले होते.

दहा-बारा दिवसांनी, सोमवारी, काकांची सूनबाई दारात उभी होती. आता तिच्या नवऱ्यालाही मधुमेहाची सुई सुरू झाली होती. एका हातात स्टीलचा ग्लास, दुसऱ्या हातात बाटली. लाल दोरा बाटलीला कसाबसा गुंडाळलेला, सुटत चाललेला.

"पप्पावाली गाँठ मुझसे नहीं बँधती, दीदी। कितनी बार करके देखा।"

एवढी वर्षं मी ती गाठ रोज सोडली होती. सोडता सोडता बांधायचीही कळली होती, हे मलाच त्या दिवशी समजलं. झाकण घट्ट आहे ना, ते मी पाहिलं. मग मोजा काढून कमरेला खोचला, आणि तिला म्हटलं, "देख, पहले ये कान, फिर ये। शेपटी बाहर।" मी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. तिसऱ्या वेळेला तिने बांधली. मी शेपटी ओढून पाहिली. एका झटक्यात सुटली.